मालकाची देखभाल-दुरुस्ती

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला पोचते. या पट्ट्यात गर्दीत खडा भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या मालकालाच लागणार. कुणाचा जीन्स शिवायचा कारखाना, कुणाचं फर्निचरचं दुकान, कुणाची चार लेथ मशिनांची शेड, कुणाचं पोळीभाजी केंद्र. आणि ज्याला खडा लागेल तो ओरडणार नाही, कारण त्याच्या कानाला फोन असेल.

मी या मंडळींचे हिशेब लिहितो. आज उल्हासनगर, उद्या अंबरनाथ, परवा बदलापूर अशा माझ्या फेऱ्या असतात. मालक लोक मला पार्टटाइम अकाउंटंट म्हणतात. काम सांगताना त्यांना त्यातला पार्टटाइम आठवत नाही, पगार देताना मात्र नेमका तेवढाच आठवतो. हिशेब लिहिणाऱ्याला माणसाची सुट्टी फार जवळून दिसते. बायको-मुलांना फक्त फोटो दिसतात, आम्हाला बिलं दिसतात.

मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेला पैसा आमच्याकडे ‘उचल’ खात्यात पडतो. महाबळेश्वरचं हॉटेल, मुलांची घोड्यावरची रपेट, निघताना घेतलेल्या कोल्हापुरी चपला, सगळं उचल. मालकांना हे खातं आवडत नाही, कारण उचल हा धंद्याचा खर्च धरला जात नाही आणि त्यावर कर वाचत नाही. त्यामुळे प्रत्येक मालक सुट्टीवरून येताना एक गोष्ट घेऊन येतो. वेण्णा लेकवर बोटीत शेजारी बसलेले गृहस्थ नेमके नटबोल्ट खरेदी करणारे निघालेले असतात.

“म्हणजे हे बिझनेस प्रमोशन झालं ना?”

“त्यांनी ऑर्डर दिली?”

“कार्ड दिलं.”

मी निमूटपणे उचल लिहितो.

पण इथवर येणारे मालकही थोडेच. बाकीच्यांची गाडी सुट्टी कधी घ्यायची याच प्रश्नावर अडकून पडते, आणि त्याला आमच्याकडे एक स्थानिक कारण आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू राहिले तर विजेचा भार सांभाळणं कठीण, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. आमच्या वाट्याला शुक्रवार आला. कामगाराच्या दृष्टीने यात काही वाईट नाही. शुक्रवारी बाजारात गर्दी कमी असते, सरकारी कामं होतात, सिनेमाही नवा लागतो.

मालकाचं मात्र यात दोन्हीकडून मरण आहे. शुक्रवारी त्याची शेड बंद, पण जग चालू. पुण्याची पार्टी फोन करते, बँकेचा मॅनेजर बोलावतो, ट्रान्सपोर्टवाला बिल्टी मागतो. म्हणून शुक्रवारी तो ऑफिसात बसतो. रविवारी जग बंद, पण त्याची शेड चालू. मशीन अडतं, सुपरवायझर फोन करतो. म्हणून रविवारीही तो शेडवर जातो. घरच्यांनी एखाद्या रविवारी हट्टच धरला की ‘आज तरी मुंबईला जाऊ’, तर मध्य रेल्वे त्याच्या मदतीला धावून येते, कारण रविवारी मेगाब्लॉक असतो.

कायद्याकडे पाहावं तर तिथेही मालकाला कुणी वाली नाही. 1948च्या कारखाने कायद्याने कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली, वर दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. दुकानांसाठी महाराष्ट्राने 2017मध्ये नवा कायदा केला. त्याने दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली आणि कामगाराला साप्ताहिक सुट्टी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा, साठवता येणारी अर्जित रजा असं सगळं व्यवस्थित मोजून दिलं. मी हे एकदा उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनमधल्या आमच्या कापडवाल्या शेठना वाचून दाखवलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

“आणि मालकाला?”

“मालकाबद्दल काही लिहिलेलं नाही, शेठ.”

“म्हणजे 365 दिवस उघडं ठेवायची परवानगी आहे ती कुणाला?”

“तुम्हाला.”

“हां,” शेठ म्हणाले, “म्हणजे लिहिलंय की.”

शेठना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या मागे सुट्टी न घेण्याचा मोठा वारसा उभा आहे. कल्याण कॅम्प ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून सगळं सोडून आलेली कुटुंबं इथल्या बराकींमध्ये उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. पत्त्यात अजूनही बराक नंबर लिहिला जातो. त्या पहिल्या पिढीने लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकली, बराकीत पापड लाटले, मिळेल ते शिवलं आणि शिवेल ते विकलं. शेठच्या आजोबांचा फोटो गल्ल्याच्या बरोबर वर लावलेला आहे. त्या फोटोखाली बसून ‘मी पाच दिवस मनालीला जातो’ हे वाक्य उच्चारायला जी छाती लागते ती शेठकडे नाही. ते चालिहोचं चाळीस दिवसांचं व्रत पाळतात, कॅम्प पाचच्या चालिया मंदिरात न चुकता जातात. देवासाठी चाळीस दिवस निघतात, मनालीसाठी पाच निघत नाहीत. “दुकान बंद ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानाचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून देणं,” असं ते म्हणतात.

अंबरनाथच्या काकांचा वारसा याच्या बरोबर उलट आहे, पण परिणाम तोच. काकांची आनंदनगर एमआयडीसीत शेड आहे. त्यांचे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. केंद्र सरकारची नोकरी. चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जायला एलटीसी मिळायची. त्या एलटीसीवर काकांनी लहानपणी कन्याकुमारी पाहिली, काश्मीर पाहिलं, दार्जिलिंगला पहाटे उठून सूर्योदयही पाहिला. पुढे काका इंजिनिअर झाले, “दुसऱ्याची नोकरी करणार नाही” म्हणाले, कर्ज काढून मालक झाले. त्यांच्या मुलाने लहानपणी अंबरनाथ आणि पुण्याची मावशी या दोनच गोष्टी पाहिल्या. “बाबांना साहेब होते, म्हणून रजा मागता यायची,” काका म्हणतात. “मी कुणाकडे मागू? मी मलाच अर्ज केला तर मी नामंजूरच करणार. मला माझा स्वभाव माहीत आहे.”

तरी एकदा काकूंनी त्यांना कॅलेंडरसमोर उभं केलं. मीही तिथेच होतो. काकू तारीख विचारत होत्या आणि काका आशेने माझ्याकडे बघत होते. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस भरायचा असतो आणि पगारही त्याच सुमाराला. 11 तारखेला जीएसटीचं पहिलं रिटर्न. 15 तारखेला पीएफ आणि ईएसआय. 20 तारखेला जीएसटीचं दुसरं रिटर्न, 3-बी. पंचविशीच्या पुढे महिनाअखेरची वसुली, कारण पार्ट्यांना पैसे द्यायची आठवण महिनाअखेरीलाच होते आणि काहींना तेव्हाही करून द्यावी लागते. उरले 21 ते 24.

“मग 21 ते 24 जाऊ,” काकू म्हणाल्या.

“कुठल्या महिन्यात?” काकांनी विचारलं.

आता बारा महिने फिरून झाले. जानेवारी-फेब्रुवारीत पार्ट्यांना वर्षअखेरीच्या आत माल हवा असतो. मार्च तर मार्चच. एप्रिलमध्ये माल मोजायचा, स्टॉक लिहायचा. मेमध्ये कारागीर गावी जातात, कुणी कोकणात, कुणी गोरखपूरला, आणि मालक स्वतः लेथवर उभा राहतो. जूनच्या पंधराला आगाऊ कर, शिवाय पाऊस. जुलैमध्ये शेडचा पत्रा कुठून गळतो याचा शोध. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, परत आगाऊ कर आणि ऑडिट. मग दिवाळी, म्हणजे बोनस. नोव्हेंबरमध्ये बोनस घेऊन गेलेले कारागीर परत येतात की नाही याची वाट बघायची. डिसेंबरात जगाला सुट्टी असते, म्हणून सगळीकडे भाडं दुप्पट. काकूंनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि म्हणाल्या, “तेरावा महिना निघाला की सांगा.”

काम दुसऱ्याच्या हाती सोपवून जावं, असा सल्ला मीही एकदा देऊन पाहिला आहे. दाखला म्हणून मी अंबरनाथचं शिवमंदिर पुढे केलं. वालधुनीच्या काठचं हे मंदिर शके 982चं, म्हणजे सन 1060चं. शिलाहार राजा छित्तराजाने ते बांधायला घेतलं आणि मुम्मुणी राजाच्या काळात ते पूर्ण झालं असं इतिहास सांगतो. “बघा काका,” मी म्हटलं, “मालक बाजूला झाला, दुसऱ्याने काम पुरं केलं, आणि हजार वर्षं होत आली तरी एकही तक्रार नाही.”

काकांनी विचार केला. “पण त्यासाठी छित्तराजाला मरावं लागलं ना?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी काकूंनी काकांना माथेरानला नेलं. त्यामागे त्यांचा डाव होता. माथेरानला मोटारी जात नाहीत. दस्तुरी नाक्याला गाडी सोडावी लागते. म्हणजे फोन आला आणि काका तडक निघाले, असं होणार नाही. अंबरनाथहून लोकलने नेरळ फार तर पाऊण तासाचं. तिथून छोटी गाडी. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी नेरळपासून वीसेक किलोमीटर चढायला दोन तासांहून जास्त घेते. लोक या वाटेवर दरी बघतात, माकडं बघतात. काकांनी भागाकार केला. ताशी दहा किलोमीटरही पडत नाही म्हटल्यावर त्यांना त्या इंजिनाबद्दल अतोनात काळजी वाटू लागली. एका वळणावर गाडी थांबली तेव्हा ते उतरून ड्रायव्हरला ब्रेकबद्दल दोन प्रश्न विचारून आले, आणि परत येऊन काकूंना म्हणाले, “आपल्याकडे याची बुशिंग सहज होतील.”

माथेरानला पुष्कळ पॉइंट आहेत. काकांना त्यातले दोनच आवडले. पहिला पॅनोरमा पॉइंट. तिथून नेरळच्या बाजूचा सगळा सखल मुलूख पायाखाली पसरलेला दिसतो. काका पहाटे तिथे जाऊन उभे राहिले. काकूंना वाटलं, चला, निसर्गात रमले. मग काकांनी वायव्येकडे बोट दाखवून विचारलं, “तो धूर दिसतोय तो आनंदनगरचा असेल का गं?” दुसरा एको पॉइंट. तिथे सगळे आपापली नावं ओरडत होते. काका ओरडले, “माल निघाला का?” समोरच्या डोंगराने विचारलं, “निघाला का?” काका म्हणाले, हा डोंगर अगदी आपल्या पर्चेस मॅनेजरसारखा आहे, विचारलेलंच परत विचारतो. तिसरा पॉइंट त्यांनी स्वतः शोधला. हॉटेलच्या मागे पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर चढलं की फोनला रेंज यायची. दुसऱ्या दिवशी त्या दगडापाशी आणखी चार जण उभे होते. एक भिवंडीचे, एक वापीचे, दोन पिंपरीचे. सगळे मालक. रांगेत उभ्या-उभ्या काकांना एक ऑर्डर मिळाली. माथेरानची ती एकमेव ट्रिप मी उचल खात्यात टाकू शकलो नाही.

माथेरान झालं की पुढची पायरी म्हणजे फार्महाऊस. सुट्टीला वेळ नाही, तर सुट्टीची जागाच विकत घेऊन ठेवू, असा त्यामागचा हिशेब असतो. बदलापूरच्या आसपास उल्हास आणि बारवी नद्यांच्या काठाने अशी बरीच फार्महाऊसं आहेत. आमच्या शेठनीही एक घेतलं. दहा आंब्याची कलमं, दोन खोल्या, झोपाळा, आणि बदलापूरची जांभळं प्रसिद्ध म्हणून जांभळाची चार झाडं. पहिल्या महिन्यात शेठ झोपाळ्यावर बसले. दुसऱ्या महिन्यात बोअरची मोटर जळली. तिसऱ्या महिन्यात राखणदार गावी गेला आणि त्याच्या जागी त्याचा मेव्हणा आला. त्याने जांभळं विकून टाकली. चौथ्या महिन्यात विजेचं बिल आलं, ते दुकानाच्या बिलापेक्षा जास्त होतं. शेठना आता शनिवारी दुपारी विश्रांतीला जायच्या नुसत्या कल्पनेने धडधडू लागलं. शेवटी त्यांनी रिकाम्या दिवसांसाठी फार्महाऊस भाड्याने द्यायला काढलं. आता दर शनिवार-रविवारी तिथे दुसरे कुणीतरी विश्रांती घेतात आणि चादरी कमी पडल्या की शेठना फोन करतात. माझ्याकडे त्यांची तिसरी वही सुरू झाली आहे.

शेठ एकदा मात्र खरोखर लांब गेले. मुलीच्या हट्टापायी मुलगा सोडून बाकी कुटुंब टूर कंपनीबरोबर काश्मीरला गेलं. निघताना दुकान मुलाच्या स्वाधीन, किल्ल्या मुलाकडे, चेकबुकावर सह्या करून ठेवलेल्या. सगळी तयारी चोख. पण हल्लीच्या धंद्यात किल्लीचा मान गेला आहे. तिजोरी आता ओटीपीने उघडते, आणि ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो. बँकेतून पैसे पाठवायचे, ओटीपी. रिटर्न भरायचं, ओटीपी. दल सरोवरात शिकाऱ्यात बसून शेठ खणखणीत आवाजात आकडे सांगत होते आणि पलीकडे उल्हासनगरात मुलगा ते लिहून घेत होता. वल्हवणाऱ्याला वाटलं, हे मोठे मंत्रजपवाले दिसतात. मधल्या एका आकड्याला रेंज गेली, तीनदा चुकीचा ओटीपी टाकला गेला आणि खातं चोवीस तासांसाठी बंद पडलं. मुलीला पुढे कुणी विचारलं, काश्मीरमध्ये काय पाहिलंस, तर ती सांगते, “पप्पांना.”

मालकिणींची गोष्ट आणखी वेगळी. बदलापूरला स्टेशनजवळ आमच्या वहिनींचं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे चारला कणीक मळायला सुरुवात, कारण सकाळच्या फास्ट लोकलचे डबे आधी निघतात. वहिनींना खूप दमल्यासारखं झालं म्हणून त्या चार दिवस माहेरी गेल्या. माहेरच्यांनी प्रेमाने स्वागत केलं. वहिनी आल्या म्हणून भाऊ आले, भाऊ आले म्हणून आत्या आली, आणि सगळे जमले म्हणून कुणीतरी म्हणालं, “आता तू आलीच आहेस तर तुझ्या हातच्या पुरणपोळ्या होऊ देत.” वहिनी परत आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, “माहेरच्यांना बिल पाठवलं तर वाईट दिसेल का हो?”

एवढं सगळं पाहून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आमच्या भागातला मालक विश्रांती घेतच नाही असं नाही. तो घेतो, चांगली घेतो, पण ती त्याने ठरवलेली नसावी लागते. ती दुसऱ्या कुणीतरी त्याच्यावर लादावी लागते.

याचा उत्तम नमुना म्हणजे पाण्याचं शटडाऊन. या गावांना आणि कारखान्यांना जे पाणी मिळतं त्यातलं बरंचसं एमआयडीसीचं. बारवी धरणही एमआयडीसीचंच. पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पुढे येतं. मधूनमधून या केंद्राची, नाहीतर जलवाहिनीची दुरुस्ती निघते. मग पेपरात बातमी येते: देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी रात्री बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत पाणीपुरवठा बंद, त्यानंतर काही काळ कमी दाबाने, नागरिकांनी पाणी साठवून सहकार्य करावं. ही बातमी आमच्या मालकवर्गात ज्या आनंदाने वाचली जाते तसा आनंद मी लग्नपत्रिका वाचतानाही पाहिलेला नाही. शेड शुक्रवारी तशीही बंदच, पण आता सांगायला कारण मिळतं: पाणी नाही म्हणजे वॉशिंग नाही, कूलिंग नाही, काम नाही. पार्टीला फोन करून सांगायचं, “एमआयडीसीचं शटडाऊन आहे हो.” पार्टी लगेच म्हणते, “हो का? मग काय करणार!” या मग-काय-करणारमध्ये केवढी करुणा भरलेली असते! त्या शुक्रवारी ऑफिसातही कुणी बोलावत नाही. दुपारी काका जेवून बाहेरच्या खोलीत आडवे होतात आणि पंख्याच्या आवाजात असे घोरतात की काकू शेजाऱ्यांसाठी खिडकी लावून घेतात.

हीच माया नदीही कधीतरी दाखवते. 27 जुलै 2019ला उल्हास नदी अशी फुगली की बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं, आणि सगळे सुखरूप निघाले तेव्हा अख्ख्या पट्ट्याने सुटकेचा निःश्वास टाकला. शेठही दिवसभर टीव्हीसमोर बसून होते. रात्री त्यांच्या लक्षात आलं की आज एकाही पार्टीने माल का नाही आला म्हणून शिवी दिली नाही. “देवाने असं करायला नको,” ते म्हणाले, “पण माणसांनी वागावं असंच.”

म्हणजे अडचण वेळेची नाही, पैशाची तर नाहीच. अडचण कबुलीची आहे. ‘मी दमलोय’ हे कारण आमच्याकडे चालत नाही. पाइप फुटला हे चालतं, ट्रान्सफॉर्मर उडाला चालतं, कंटेनर अडकला चालतं. लोखंडाला दमायची मुभा आहे आणि माणसाला नाही, आणि ही मुभा नाकारणारा दुसरा कुणी नसून मालक स्वतःच आहे. पार्टीला त्याने कधी विचारूनच पाहिलेलं नाही.

हे मी काकांना जमेल तसं समजावून सांगितलं. काका काही बोलले नाहीत. पण पुढच्या गुरुवारी मी शेडवर गेलो तर गेटवर एक टाइप केलेला कागद चिकटवलेला होता, आणि तोच सगळ्या पार्ट्यांना व्हॉट्सअॅपवर गेलेला होता:

“सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, आमच्या कारखान्याच्या मालकांच्या तातडीच्या देखभाल-दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येत असल्याने गुरुवार रात्री 12 ते सोमवार रात्री 12 या कालावधीत मालकांचा पुरवठा पूर्णपणे बंद राहील. त्यानंतरचे 24 तास मालक कमी दाबाने उपलब्ध होतील. ग्राहकांनी आवश्यक त्या सह्या आधीच साठवून ठेवाव्यात व सहकार्य करावे.”

मला वाटलं, आता फोनचा पाऊस पडणार. एकही तक्रार आली नाही. पुण्याच्या पार्टीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. चाकणच्या पार्टीने एवढंच विचारलं, “मंगळवारी कमी दाब म्हणजे साधारण किती वाजता?” आणि वापीच्या पार्टीने या नोटिशीचा नमुना मागवला.

ओटीपीचा फोन काकांनी मुलाकडे दिला. गेले कुठेच नाहीत. घरीच झोपले, उठले, परत झोपले. संध्याकाळी काकूंबरोबर रिक्षाने शिवमंदिरापर्यंत गेले. महाशिवरात्रीच्या रेटारेटीखेरीज आयुष्यात पहिल्यांदाच ते तिथे उभे होते, त्यामुळे देवळाला बाहेरून इतकं कोरीवकाम आहे हे त्यांना पन्नाशीत कळलं. छित्तराजाचं काम खरंच चांगलं उतरलंय, असा अभिप्रायही त्यांनी मला कळवला. शेडमध्ये त्या दिवसांत काय झालं? एक जॉब नापास झाला, एक टेम्पो उशिरा निघाला. म्हणजे काका असताना जे होतं तेच.

मंगळवारी दुपारनंतर ते कमी दाबाने ऑफिसात आले आणि माझ्यापुढे बिलं ठेवली. रिक्षा, शहाळी, दोन भेळ आणि एक उशी.

“हे कशात टाकू?” मी विचारलं.

“नोटिशीत स्पष्ट लिहिलंय. देखभाल-दुरुस्ती.”

“काका, त्या खात्यात फक्त मशिनं येतात.”

“मग पंचवीस वर्षं मी इथे काय म्हणून चालतोय?”

“मशीनला वर्षाला पंधरा टक्के घसारा मिळतो,” मी म्हटलं. “तुमची झीज आयकर खातं धरत नाही.”

काकांनी उशीचं बिल हातात घेऊन थोडा वेळ पाहिलं. “बरं, उचलीत लिहा,” ते म्हणाले. “आणि पुढच्या महिन्यात 21 ते 24साठी तिथेच दोन ओळी कोऱ्या ठेवा.”